टेकायची जागा

दिवाळी जवळ आली की लोकांना रंगारी आठवतो, आणि नेमकं तेव्हाच रंगाऱ्याला मान वर करायला फुरसत नसते. त्यामुळे दिवाळी अंकासाठी लिही म्हणून निरोप आला तेव्हा मी हसलोच. म्हटलं, ज्यांच्या घराला रंग लागायचाय ते शिव्या घालतील. पण आता गुडघे शिडीवर चढू देत नाहीत, नुसता खाली उभा राहून पोरांना ओरडतो, तेव्हा वेळ आहे. मी मूळचा विरारजवळच्या चांदीपचा. आमच्या गावाला 'ण' म्हणताना जीभ वळत नाही, आम्ही पानीच पितो. सून शेजारी बसून माझं लिहिलेलं सुधारतेय. बोललेलं मात्र होतं तसंच ठेव म्हणून तिला बजावलंय.

मला सगळे रंगारी म्हणतात, पण विरारमध्ये नुसता रंग मारून पोट भरत नाही. नळ गळतोय, कडी बसत नाही, लादी उचकटली, बाथरूमचं पाणी खालच्याच्या छतात उतरलं, हे सगळंच करावं लागतं. त्यातही माझा हातखंडा म्हणजे विकायची घरं. एजंट लोक म्हणायचे, गणपतला बोलाव, घर 'तयार' करून घे, मग गिऱ्हाईक दाखवू.

राहायच्या घराचं काम वेगळं आणि विकायच्या घराचं वेगळं, बरं का. राहायच्या घरात माणूस सांगतो, अमुक टिकलं पाहिजे. विकायच्या घरात त्याला एवढंच हवं असतं की इथे कुणी राहत होतं हे दिसता कामा नये. खिळ्यांची भोकं लांबीने बुजवायची. लांबी म्हणजे रंगाआधी भिंतीला भरतात ती पांढरी लुकण. कॅलेंडरमागचा चौकोन बाकीच्या भिंतीत मिसळून टाकायचा. बोरिंगच्या पाण्याने नळांवर चढलेला पांढरा थर घासून काढायचा. दाराच्या बिजागरीला तेल, कडीला मेणबत्ती. घर बघायला येणारा बाप्या हमखास भिंतीवर बोटाने टकटक करतो. त्यातून त्याला काय कळतं देव जाणे. बाई मात्र सरळ सिंकखाली वाकते आणि मग बाथरूमचं छत बघते. म्हणून मी कायम बाईच्या नजरेने काम केलं.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. भुईगावला एक रिटायर मास्तर होते. मी भोकं बुजवत जाऊ लागलो की हे मागून येणार आणि प्रत्येक भोकाची हकिगत सांगणार. हे लग्नाच्या फोटोचं, हे मुलीच्या पहिल्या बक्षिसाचं, हे घड्याळाचं, जे कधी वेळेवर चाललंच नाही. अर्ध्या दिवसाचं काम, पण त्यांच्या हकिगती संपेनात आणि माझ्या हातातली लांबी सुकून जाई. आणि नालासोपाऱ्यातले एक गृहस्थ, त्यांचं तर विचारूच नका. सगळं घर चकाचक झाल्यावर मधोमध उभे राहिले आणि बायकोला म्हणाले, "अगं, एवढं छान होतं आपलं घर, तर आपण विकतोय कशाला?" झालं, सौदा मोडला. तो एजंट पुढे कितीतरी दिवस मला बघून रस्ता बदलायचा.

पण आज सांगायचंय ते राणे काकूंच्या भिंतीचं.

राणे काकू म्हणजे मूळच्या मालवणकडच्या. विरारला त्यांचा चौथ्या मजल्यावर फ्लॅट, बिल्डिंगला लिफ्ट नाही. त्या बिल्डिंगमध्ये बहुतेक सगळ्या घरांत माझा हात फिरलेला, त्यामुळे मी घरचाच. त्यांचे मिस्टर अण्णा. रिटायर झाल्यापासून अण्णांची बसायची जागा ठरलेली होती. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या दाराशेजारी, खाली चटई टाकून, भिंतीला पाठ लावून. घरात सोफा होता, पण सोफ्यावर पाहुणे. मी कामाला गेलो की अण्णा तिथूनच ओरडायचे, "गणपत आलाय गं, चहात साखर जास्त टाक." तिकडून काकू ओरडायच्या, "मला दिसतोय तो, तुमच्या सांगण्याची गरज नाही." दिवसभर असं चालायचं. अण्णांना डोक्याला खोबरेल चोपडायची सवय. केस फारसे उरले नव्हते, पण तेल कमी झालं नव्हतं. त्या भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या उंचीवर थाळीएवढा गोल काळपट डाग पडला होता. प्रत्येक दिवाळीत काकू मला म्हणायच्या, "या माणसाच्या डोक्यामागे फरशी लाव रे बाबा." आणि अण्णा खो खो हसायचे.

अण्णा गेले. काकू एकट्या राहिल्या. मग त्यांचे गुडघे गेले आणि जिना उतरणं बंद झालं. भाजी दोरीच्या पिशवीतून वर यायची. मी एकदा सहज डोकावलो तर खिडकीशी उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "गणपत, गणपतीत खाली उतरले होते ती शेवटची. मला एकदा रस्त्यावरून चालायचंय रे. नुसतं कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत."  वाणी तर खिडकीतून दिसत होता.

मुलगी सुजाता नाशिकला. तिचं घर तळमजल्यावर, दारात अंगण. ती बोलवत होती, काकूंनाही जायचंच होतं. पण तिच्या छोट्या घराला मागची एक खोली वाढवायची तर विरारचा फ्लॅट आधी विकला जायला हवा होता. एजंटने एक तरुण जोडपं आणलं. दोघंही नोकरीवाले. नवऱ्याला जागा पसंत पडली. त्याची बायको स्नेहल सिंकखाली वाकली, बाथरूमचं छत बघितलं आणि हॉलमध्ये येऊन डागापाशी थांबली. "ई! हे काय?" एवढंच म्हणाली आणि चपला घालायला लागली. एजंट त्यांच्यामागे चार जिने धावला आणि कबूल करून आला, घर तयार करून देतो, पुढच्या रविवारी परत या. म्हणून मला बोलावणं आलं.

मी काम धरलं. गळती काढली, लादी बसवली, बाल्कनीचं दार फुगून घासत होतं ते रंधा मारून सरळ केलं. काकूंनी कशालाच नाही म्हटलं नाही. उलट, "तिकडे नीट घास, ती मुलगी चिकित्सक आहे," म्हणून मलाच बजावायच्या. पण हॉलच्या त्या भिंतीपाशी आलो आणि काकू तिथेच चटई टाकून, पाय लांब करून बसल्या. मांडीवर सूप, सुपात लसूण.

"काकू, जरा उठा, ही भिंत घ्यायचीय."

"आधी दुसरी घे."

दुसरी घेतली. तिसरी घेतली. छत झालं. काकू जेवायला सुद्धा ताट तिथेच घेऊन बसल्या. लसूण सोलून झाला तर वाल निवडायला घेतले. डाग त्यांच्या डोक्याच्या बराच वर होता. अण्णा उंच आणि या बुटक्या. त्यामुळे त्या बसल्या तरी तो काही झाकला जात नव्हता, पण ते त्यांना कोण सांगणार? मी समोरच्या भिंतीला दुसरा हात द्यायला लागलो. तिला गरज नव्हती.

शनिवार उजाडला. सकाळी सुजाताचा फोन आला, काकूंनी तो स्पीकरवर ठेवला. "आई, उद्या ती माणसं येणार. सगळं झालं ना?"

"झालं गं. एक भिंत तेवढी राहिलीय."

"कुठली?"

काकूंनी सुपातले वाल पुन्हा चाळवायला घेतले. सुजाताला कळलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "आई, हा सौदा गेला तर दुसरा कधी येईल सांगता येत नाही. तू आणखी एक पावसाळा वर अडकून काढणार का?" फोन ठेवल्यावर काकू माझ्यावरच उखडल्या, "तू काय बघतोयस मेल्या? तुझे डोळे का ओले?"

मी म्हटलं, "काकू, आपन कपाट सरकवू भिंतीसमोर."

"ती कपाट सरकवून बघेल. मी सिंकखाली वाकताना पाहिलंय तिला."

"मग मी असं करतो, तेवढं प्लास्टर छिन्नीने अख्खं काढून देतो तुम्हाला. जमतं मला."

"आणि त्याचं काय करू? नाशिकला नेऊन त्याला टेकून बसू?" असं म्हणून काकू हसल्या आणि हसता हसताच त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मला कळतंय रे सगळं. मला जायचंय. खरंच जायचंय. पण सकाळी स्वयंपाकघरातून मान वळवली की तो दिसतो. मी त्याच्याशी बोलते, गणपत. आज पडवळ केलंय, मीठ कमी पडलं असेल तर सांगा, असं. वेडी म्हणशील मला."

"नाही म्हननार," मी म्हटलं. 

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "हा डाग काढतात कसा? नुसता रंग मारला तर?"

मी सांगितलं, तेल मोठं चिवट. वरून कितीही रंग मारा, पुढच्या उन्हाळ्यात ते आतून बाहेर येतं. आधी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिंत धुवायची, मग खरवडायची, मग तेल आत दाबून धरणारा ऑइल प्रायमर मारायचा, मग लांबी, मग काचकागद, मग रंग. असं केलं तर तो डाग जन्मात परत येत नाही. माझ्या हाताखालून गेलेला एकही डाग आजवर परत आलेला नाही, असंही मी तोऱ्यात सांगितलं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सोड्याने नको. शिकेकाईने जाईल का?"

आता शिकेकाईने भिंत धुतली असं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. वरून तिचा तपकिरी डाग राहतो, तो निस्तरायचा वेगळाच. मी तसं म्हणणार, एवढ्यात त्या म्हणाल्या, "शेवटच्या वर्षी यांना हात वर करता येत नव्हते. डोकं मीच धुवायची. शिकेकाईच लागायची, शांपूने म्हणे यांचं डोकं उठतं."

"जाईल की," मी म्हणालो. "गरम पानी ठेवा."

काकूंनी पातेल्यात शिकेकाई उकळली. घरभर वास सुटला. गुडघे टेकता येत नव्हते म्हणून मी त्यांना स्टूल दिलं. त्यांनी पाण्यात बोट बुडवून बघितलं, जास्त कढत वाटलं तर थोडं गार घातलं. मग फडक्याने ती भिंत धुवायला लागल्या. वरून खाली, हळूहळू, दुसरा हात भिंतीवर खाली आडवा धरून. तो हात कशासाठी, ते मला आधी कळेना. मग कळलं. डोळ्यात पाणी जाऊ नये म्हणून आपण कपाळावर हात धरतो ना, तसा तो होता. मी बादली उचलून बाल्कनीत निघून गेलो. तिथे माझं काही काम नव्हतं.

पातेलं रिकामं झाल्यावर त्यांनी हाक मारली. "माझं झालं. आता तुझं काय ते कर." आणि आत जाऊन स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

मी सोड्याने पुन्हा धुतलं, खरवडलं, भिंत सुकू दिली, प्रायमर मारला आणि संध्याकाळी उशिरापर्यंत बसून लांबी आणि रंग पुरा केला. खोटं कशाला बोलू, जीव ओतून केलं. काकू बाहेर आल्या, भिंतीसमोर उभ्या राहिल्या, हात पुढे केला. हात इकडे न्यावा की तिकडे, त्यांना कळेना. ती जागा त्यांना सापडेचना. "छान केलंस," म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच काम इतकं बेमालूम झाल्याचं मला वाईट वाटलं.

त्या दिवशी घरी आलो आणि जेवण बाजूला ठेवून आमच्या घराच्या भिंती बघितल्या. माझी बायको जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. आमच्या घराला किती वर्षांत रंग लागला नव्हता. रंगाऱ्याचंच घर ते, त्याला कुठला रंग? म्हणजे डाग असता तर दिसायलाच हवा होता. सगळ्या खोल्या बघितल्या. पोरांच्या हाताचे डाग सापडले, सायकल टेकवल्याचा सापडला. तिचा एकही नाही. तीही रोज तेल लावून वेणी घालायची. पण तिची पाठ कधी भिंतीला टेकलीच नाही. पहाटेपासून झोपेपर्यंत उभी किंवा वाकलेली. एखादा डाग असता तर मीही त्याला दोन शब्द बोललो असतो. आजही फार वाटतं की असायला हवा होता.

रविवारी स्नेहल आली. वाकली, बघितलं, भिंतीपाशी थांबली, बोट फिरवलं, डाग जन्मात परत येणार नाही असं माझ्याकडून वदवून घेतलं आणि नवऱ्याकडे बघून मान डोलावली. सौदा झाला. काकू निघाल्या त्या दिवशी बिल्डिंगमधल्या पोरांनी त्यांना खुर्चीत बसवून चार जिने खाली आणलं. खाली आल्यावर म्हणाल्या, "थांबा, गाडी राहू दे." आणि काठी टेकत कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत चालत गेल्या. काहीच घ्यायचं नव्हतं, म्हणून शिकेकाईची पुडी घेऊन आल्या.

पावसाळा गेला, उन्हाळा आला, आणि एक दिवस स्नेहलचा फोन. "मामा, काय हे तुमचं काम? जन्मात परत येणार नाही म्हणाला होतात ना? डाग परत आलाय. अगदी तिथेच!"

 तोच डाग? माझा प्रायमर? पिशवी उचलली आणि थांबत थांबत चार मजले चढलो.

घरात आता स्नेहलच्या सासूबाई राहायला आल्या होत्या, साताऱ्याकडच्या. कपाळाला ठसठशीत कुंकू, पाठीमागे घट्ट अंबाडा. सोफ्यावर अगदी टोकाला बसून तांदूळ निवडत होत्या. मला बघितलं न बघितलं केलं आणि पदर डोक्यावरून आणखी पुढे ओढला. स्नेहल कमरेवर हात ठेवून उभी. "हा बघा."

बघितला. खरंच तिथेच, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी. मी वाकून बोट फिरवलं. आतून फुटलेलं तेल पिवळं आणि कोरडं असतं. हे वरून बसलेलं, ताजं, बोट सुळकन घसरलं. आणि अण्णांच्या डागापेक्षा हातभर खाली. मी वळून सासूबाईंकडे पाहिलं. त्या तांदळात काय शोधत होत्या कोण जाणे, मान काही वर येईना.

काय करावं? एका वाक्यात माझं नाव राहिलं असतं. पण म्हातारीचा तो पदर बघून जीभ रेटेना. मी म्हटलं, "बाई, भिंतीत ओल उरलीय. ती पुरी सुकल्याशिवाय हात लावता येनार नाही. दिवाळीनंतर बघू."

स्नेहलने नाक मुरडलं. एवढ्यात तिच्या ऑफिसचा फोन वाजला आणि ती आतल्या खोलीत गेली. मी निघालो, तर दाराशी मागून आवाज आला. "मिस्त्री."

सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. "माझंच डोस्कं हाय त्ये."

"कळलं मला."

"बोलला न्हाईस, लई उपकार झालं. सून गुणाची हाय, पर डागाला लई भेती." मग आत एकदा बघून हळूच म्हणाल्या, "हितं कुनाशी बोलायचं बाबा? गावाकडं दार उघडलं की मानूस. हितं समदी दारं बंद. त्या जागंवर बसलं की वारं बी लागतं, आन् पोरगी सैपाक करताना तिचं त्वांड दिसतं. ती कामावनं येती, कनिक मळती, मी बसल्याबसल्या बोलती. तेवढंच बोलनं व्हतंय दिसभरात. सोफ्यावरनं न्हाई दिसत."

मी पाणी प्यालो आणि जिना उतरायला लागलो. दुसऱ्या मजल्यावर आल्यावर राहवेना. तिथेच पायरीवर बसलो आणि नाशिकला फोन लावला.

"काकू, गनपत बोलतोय. तुमच्या घरी आलो होतो. भिंतीवर डाग पडलाय. तिथंच." आणि मग सासूबाईंचं सगळं सांगितलं, अंबाड्यापासून कणकेपर्यंत.

 तिकडून नुसती चिमण्यांची चिवचिव येत होती, अंगणातली असणार. मला वाटलं, सांगितलं ते चुकलंच.

मग काकूंनी विचारलं, "तेल कुठलं लावते रे ती?"

"खोबरेलच आहे, काकू."

"मग शिकेकाईने जाईल," काकू म्हणाल्या. आणि जरा थांबून, "पण तू घाई करू नकोस."